पोहरादेवीच्या वाटेवरचा धडा : स्पर्धा कुणाशी, सहकार्य कुणाशी?

'हे स्पर्धेचे युग आहे' हे वाक्य हल्ली उठता-बसता कानावर पडते. शाळेत गुरुजी तेच सांगतात, क्लासवाले फलकावर तेच लिहितात, लग्नाच्या पंगतीत सोयरेधायरेही तेच बोलतात. दुसरीकडे आपण दर पौर्णिमेला विहारात जमून संघटनेचे, मैत्रीचे आणि बंधुभावाचे महत्त्व ऐकतो. घरी गेलो की पोराला म्हणतो, शेजाऱ्याच्या पोरापेक्षा दोन मार्क जास्त आण. मग खरे काय? माणूस माणसाशी झुंजून पुढे जातो की माणसाला धरून पुढे जातो? स्मरणिकेसाठी लेख द्या असे विहार समितीने कळविले तेव्हा आम्ही हाच विषय घ्यायचे ठरविले. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. गिरणीतली पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचले आणि सभा-मोर्चांत जे ऐकले-पाहिले, तेवढ्या शिदोरीवर हे लिहीत आहोत.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लंडन-अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यामुळे हे गाव देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले आहे. रामनवमीला तेथे महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटक, तेलंगणातूनही माणसे येतात. आपल्यापैकी काही जण म्हणतील, बंजारा समाजाच्या तीर्थाचा आपल्या स्मरणिकेशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आमची विनंती एवढीच की लेख शेवटपर्यंत वाचावा.

तांडा म्हणजे काय होते?

आज तांडा म्हटले की आपल्या डोळ्यासमोर गावाबाहेरची बंजारा वस्ती येते. पण मूळचा तांडा हा चालता तांडा होता. शेकडो, कधी हजारो बैल, त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणी, बरोबर बायामुले, कुत्री आणि सगळा संसार. या मालवाहतुकीच्या धंद्याला 'लदेणी' म्हणत. किनाऱ्यावरचे मीठ देशावर आणायचे आणि देशावरचे धान्य जिथे नसेल तिथे न्यायचे, हा त्यांचा उद्योग. लवण म्हणजे मीठ, त्यावरून 'लमाण' हे नाव पडले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. संत सेवालाल महाराजही याच लदेणीच्या आणि गुराढोरांच्या जगातले. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १७३९ सालचा आणि निर्वाण १८०६ सालचे.

सतराव्या शतकात टॅव्हर्निअर नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या व्यापारासाठी अनेक वेळा हिंदुस्थानात आला होता. त्याने रस्त्याने जाणारे दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले आणि ते आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. एवढ्या जनावरांची वाहतूक परवडत कशी होती? तर बैल रस्त्याच्या कडेने चरत चालत. दिवसाला थोडेच कोस जायचे, पण चाऱ्याचा खर्च नाही, भाड्याची गाडी नाही, मजूर नाही. घरचीच माणसे गोणी भरत, उतरवत, राखण करत. म्हणून बंजाऱ्यांच्या बैलाशी भावात टक्कर देणे दुसऱ्या कुणाला जमत नव्हते.

आता नीट बघा. हा स्पर्धेतला विजय कशावर उभा होता? सहकार्यावर. एकट्या-दुकट्याने बैल घेऊन जंगलातून जाणे म्हणजे वाघाच्या आणि लुटारूच्या तोंडी जाणे. शेकडो घरे एकत्र चालली म्हणून वाट सुरक्षित झाली. तांड्याला नायक असे, कारभारी असे, आणि वाद मिटवायला तांड्याची स्वतःची पंचायत बसे. कुठे मुक्काम, कुठली वाट, कुठला माल, हे तांडा मिळून ठरवी. आतून सहकार्य असल्याशिवाय बाहेर स्पर्धा करता येत नाही, हा पहिला धडा आपल्याला तांडा देतो. 'गाव करी ते राव न करी' असे आपल्या म्हाताऱ्या म्हणत, ते उगीच नाही.

मात्र चित्र रंगवताना एकच बाजू रंगवू नये. तांड्याच्या आतही सगळे सारखे नव्हते. ढोल वाजवणाऱ्या ढालियांना तांड्यातही अस्पृश्यासारखे वागवले जाई. म्हणजे सहकार्याच्या वर्तुळाच्या आतही एक कुंपण होते. आपल्या लोकांनीही मांगवाडा आणि चर्मकारवाडा यांच्याशी पूर्वी रोटी-बेटीची कुंपणे पाळलीच होती. सांगायचे ते एवढेच की, कोणत्याही समाजाच्या एकीची स्तुती करताना ती एकी कुठे येऊन थांबते हेही बघावे.

अरुंद वाटेवरची मारामारी

टॅव्हर्निअरने एक हकीगत दिली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे या वाहतूकदारांचे चार मोठे गट होते. एक गहू वाहणारा, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. एकाचा माल दुसरा वाहत नसे. एकदा धान्याचा तांडा आणि मिठाचा तांडा अरुंद वाटेवर समोरासमोर आले. आधी वाट कुणी द्यायची? कुणीच मागे हटेना. रक्तपात झाला. ही भांडणे अशीच चालली तर राज्यात धान्य आणि मीठ पोचणार नाही, हे मोगल बादशहाच्या लक्षात आले. त्याने दोन्ही गटांच्या प्रमुखांना बोलावले, एकमेकांशी सलोख्याने वागण्यातच दोघांचे हित आहे असे समजावले, आणि दोघांनाही प्रत्येकी एक लाख रुपये आणि मोत्यांचा हार देऊन परत पाठवले.

या गोष्टीत पुष्कळ काही आहे. हे दोन तांडे धंद्यात एकमेकांचे वैरी होते का? मुळीच नाही. एक मीठ नेत होता, दुसरा धान्य. मिठाशिवाय भाकरी गोड लागत नाही आणि भाकरीशिवाय मीठ नुसते खाता येत नाही. भांडण मालाचे नव्हते, वाटेचे होते. वाट अरुंद होती. ती रुंद कुणी करायची, किंवा आधी कोण जाईल याचा नियम कुणी करायचा, याचा विचार कुणीच केला नाही, म्हणून काठ्या निघाल्या. आजही गरीब-गरिबांत जी भांडणे होतात ती बहुतेक अशीच असतात. आपण समोरच्या माणसाकडे बघून दात-ओठ खातो आणि अरुंद वाटेकडे आपले लक्ष जात नाही.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. बादशहाने समजूत घातली ती दया म्हणून नव्हे. त्याच्या फौजांना रसद हवी होती. बंजाऱ्यांच्या बैलांवाचून मोठी फौज हलूच शकत नव्हती. १८०३ साली आपल्याच वऱ्हाडात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली मराठी फौजांशी लढला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्या मोहिमेतही त्याची रसद बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती. लढणाऱ्या दोन्ही बाजूंना बंजारा लागत असे, म्हणून दोन्ही बाजू त्याला सहसा हात लावत नसत. गरज होती तोवर मान होता. गरज संपल्यावर काय झाले, ते पुढे बघू.

रेल्वे आली : ही स्पर्धा होती का?

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, आणि त्याच वर्षी निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. वऱ्हाड म्हणजे कापूस, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचली. पुढे विसाव्या शतकात कापसासाठीच मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी छोटी 'शकुंतला' गाडीही आली. ती आता बंद आहे, पण आमच्या पिढीने तिचा धूर आणि तिची चाल दोन्ही पाहिली आहे.

गाडीने एका दिवसात जो माल जाई तो न्यायला तांड्याला महिना लागे. लदेणी बुडाली. शाळेच्या पुस्तकात याला 'प्रगती' म्हणतात, आणि अर्थशास्त्रातले लोक म्हणतील की स्पर्धेत जुने मागे पडते, नवे पुढे जाते. आम्हीही रेल्वेच्या विरोधात नाही. पण ही स्पर्धा बरोबरीची होती का, एवढे विचारायला हरकत नसावी. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी इंग्रज सरकारने करार केला. कंपनीला जमीन फुकट, आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी. धंद्यात तेवढा नफा झाला नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. म्हणजे शेतसारा आणि मिठाचा कर भरणाऱ्या रयतेच्या पैशातून! बंजाऱ्याचा बैल मेला तर त्याला कुणाची हमी होती? एका गड्याच्या पायात बेडी आणि दुसऱ्याच्या बुडाखाली घोडा, आणि वर म्हणायचे की शर्यत झाली. 'बळी तो कान पिळी' हा शर्यतीचा नियम नव्हे.

एवढ्यावर भागले नाही. ज्यांचा धंदा बुडाला त्यांनाच पुढे गुन्हेगार ठरवले गेले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, १९११ च्या कायद्याने तो सगळ्या इलाख्यांत लावण्याची सोय झाली. फिरस्ता म्हणजे संशयित, असा या कायद्याचा हिशोब. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या भटक्या जमातींची नावे त्या यादीत गेली, त्यांत बंजाऱ्यांच्या शाखाही होत्या. जन्मतःच गुन्हेगार! जन्मावरून माणसाला खालचा ठरवण्याचे दुःख काय असते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी 'विमुक्त दिन' पाळतात. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाली तरी या माणसांचे स्वातंत्र्य बाकी होते.

एकाची चूल विझली, दुसऱ्याची पेटली

आता आपल्याकडे येऊ. ज्या रेल्वेने बंजाऱ्याचा बैल थांबवला, त्याच रेल्वेने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या गिरण्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना गावकीतून बाहेर काढले. रुळावर खडी टाकणारे गँगमन, गोदीतले हमाल, गिरणीतले मजूर यांत महार समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणी काढली, नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रोख पगार, आणि येसकराच्या काठीपासून सुटका! आमच्या घराण्यात गिरणीची भाकरी याच वाटेने आली.

इतिहासाची ही केवढी चमत्कारिक गोष्ट आहे! एकाच आगगाडीने एका वंचित समाजाची चूल विझवली आणि दुसऱ्या वंचित समाजाची पेटवली. त्या दोघांनी एकमेकांचे काही वाकडे केले नव्हते. पण दोघांनी एकत्र बसून कधी हिशोबही केला नाही. बंजारा डोंगराकडेला तांडा टाकून शेतमजुरी करू लागला, आपला माणूस शहराच्या चाळीत गेला.

पण गिरणीत तरी आपल्या लोकांना सगळी दारे उघडी होती का? नव्हती. कताईत काम मिळे, पण जिथे पगार जास्त त्या विणाई खात्यात, म्हणजे साच्यावर, अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? कांडी बदलताना सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा हातात घेणार? लाल बावट्याखाली 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' अशी घोषणा देणारा कामगारही धोटा हातात घेताना जात बघत होता.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना रोखठोक विचारले की, आमच्या माणसाला विणाई खात्यात येऊ देणार की नाही? अखेर नाराजीनेच का होईना, मागण्यांत तो विषय घ्यावा लागला. पण कागदावर आलेली मागणी खात्यात यायला फार काळ गेला. १९३६ साली बाबासाहेबांनी जातीसंबंधी जे मांडले त्याचा मतलब असा की, जात ही नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते. ज्याने विणाई खात्याच्या दारात उभे राहून आत डोकावले आहे, त्याला हे समजायला पुस्तक लागत नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपल्या माणसाला रेल्वेत गँगमन म्हणूनच जन्म काढावा लागतो, साधे पोर्टरचे कामही मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचीही कामे करून घेतात आणि घरात अस्पृश्य नको, हेही त्यांनी उघड केले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्यांच्याशी १९२८-२९ मध्ये कडाक्याचे मतभेद झाले होते त्यांच्याच खांद्याला खांदा लावून! मतभेद विसरून नव्हे, मतभेद ठेवून. आधी बरोबरीचा हक्क मागितला, मग हात पुढे केला. हा क्रम आपण पाठ करून ठेवावा. जे सहकार्य आपल्याला खालच्या पायरीवर बसवून मागितले जाते, त्याला सहकार्य म्हणत नाहीत. ती वेठ आहे.

आम्ही स्वतः गिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हाची गोष्ट. सकाळी फाटकावर चाळीस-पन्नास माणसे उभी असत आणि आत घ्यायची असत आठ-दहा. जो तो पुढे घुसे. हजेरीबाबूच्या नजरेत भरावे म्हणून कोण काय काय करी ते लिहिण्यासारखे नाही. शेवटी आमच्यातल्या काही वयस्करांनी एक वही केली. ज्याने आज काम केले त्याचे नाव उद्या खाली. नियम मोडणाऱ्याला दोन दिवस कुणी साथ द्यायची नाही. त्यात बौद्ध होते, कुणबी होते, मुसलमान होते, आणि तांड्यावरून आलेले दोन बंजारेही होते. जागा तेवढ्याच राहिल्या, पण ढकलाढकली थांबली आणि चहापाण्याची लाच बंद झाली. मग तीच वही घेऊन आम्ही वर गेलो आणि म्हणालो की, रोज इतकी माणसे लागतात तर ती कायम का करत नाही? तोपर्यंत हा प्रश्न विचारायला कुणाला सवडच नव्हती. सगळे एकमेकांना ढकलण्यात गुंतलेले.

लादलेले सहकार्यही टिकत नाही

सहकार्य म्हटले की सगळे गोड, असेही नाही. बंजारा समाजातून आलेले वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात, १९७२ साली, कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. विचार चांगला होता. शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या दारात एकमेकांपेक्षा कमी भावाने कापूस टाकू नये, सरकारने सगळ्यांचा एका भावाने घ्यावा. कित्येक वर्षे वऱ्हाडच्या कास्तकाराला तिचा आधार होता. पण बाहेरच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरून सीमेपार जाई, आणि भाव पडला की सगळा योजनेच्या माथी येई. चुकारे रखडत. तोटा वाढत गेला आणि २००० नंतरच्या वर्षांत खरेदीचा एकाधिकार संपला. त्यानंतर कास्तकार एकटा पडला, आणि वऱ्हाडातल्या आत्महत्यांचे दुःख आपण सर्वांनी पाहिले आहे.

यातून आम्ही काय घेतो? सहकार्य वरून हुकूम काढून आणता येत नाही, त्यात भाग घेणाऱ्याचा आवाज हवा. आणि ते मोडले म्हणून स्पर्धेने सगळे सुरळीत होते असेही नाही. शेतकऱ्याचा कापूस खुल्या बाजारात गेला, पण बाजारात तो एकटा आणि समोर व्यापारी संघटित. म्हणजे पुन्हा तीच रेल्वेची गोष्ट!

रोहिणीचे पाणी

तथागतांच्या चरित्रातला रोहिणी नदीचा प्रसंग आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. शाक्य आणि कोलिय दोघांची शेती त्या एका नदीवर. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून तंटा पेटला आणि शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रसंग सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. तिथे सिद्धार्थ काय सुचवतो? पाणी सोडून द्या असे तो म्हणत नाही. आपल्याच लोकांचे बरोबर, असेही म्हणत नाही. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी निवाडा करावा, असे तो सुचवतो. म्हणजे भांडणारे दोघेच मिळून नियम करतील! संघाने ते ऐकले नाही, तेव्हा त्याने घर सोडले, पण युद्धाला हात दिला नाही.

मोगल बादशहाची गोष्ट आणि ही गोष्ट जवळ-जवळ ठेवून बघा. बादशहाने दोन्ही तांड्यांना मोत्यांचे हार दिले, नियम दिला नाही. हार दिल्याने भांडण त्या दिवसापुरते मिटते. आजचे सरकारही निवडणुका आल्या की एकाला हार घालते, मग दुसऱ्याला घालते. सिद्धार्थाने सांगितलेली वाट कष्टाची आहे, कारण तिच्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलावे लागते.

आजची अरुंद वाट

आता ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला त्या मुद्द्यावर येतो. बंजारा समाज तेलंगणात आणि आंध्रात अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकच भाषा, एकच समाज, याद्या तीन. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन महाराष्ट्रातल्या बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत घ्या म्हणून मोठे मोर्चे काढले, आणि आमच्या ताटातले देऊ नका म्हणून आदिवासी बांधवांनी विरोधात मोर्चे काढले. आपल्याकडेही वादळ आहेच. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याचा राज्यांना अधिकार आहे असा निकाल दिला. २०२५ मध्ये कर्नाटकाने त्याप्रमाणे गट पाडायचे ठरवले, तिथे लंबाणी आणि आपल्यासारखे दलित एकाच यादीत असल्याने वाद त्यांच्यातच पेटला. महाराष्ट्रातही मातंग बांधव आणि बौद्ध यांच्यात या विषयावरून कडवट बोलणे सुरू आहे. चहाच्या टपरीवर, मोबाईलच्या ग्रुपवर काय काय लिहिले जाते ते आम्ही वाचतो. वाईट वाटते.

आमचे मत आम्ही सरळ मांडतो. ज्या समाजाला आजवर काहीच मिळाले नाही असे आकडे सांगतात, त्याची मागणी चोरी नव्हे. ती ऐकली पाहिजे. आणि जो शिकून पुढे गेला त्याने काही कुणाचे लुटले नाही, तो बाबासाहेबांच्या शब्दाला जागून उपाशीपोटी शिकला. दोन्ही खरे आहे. मग निवाडा व्हावा तो खऱ्या आकड्यांवर आणि दोघांनी समोरासमोर बसून. पण बसताना पहिला प्रश्न एकमेकांच्या वाट्याचा नसावा. पहिला प्रश्न असा असावा की, मुळात जागा किती उरल्या? कायम जागा भरायच्या नाहीत, कंत्राटावर माणसे घ्यायची, हा धडाका चालला तर टक्के कशाचे मोजणार? रिकाम्या ताटाचे पाच तुकडे केले काय आणि दहा केले काय!

आणि मिळून केले तर होते, याचा दाखला फार जुना नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ठिकठिकाणी रस्त्यावर आली. परीक्षेच्या खोलीत ही मुले एकमेकांची स्पर्धकच होती. एकाची जागा म्हणजे दुसऱ्याची हुकलेली जागा. तरीही जागाच जाणार म्हटल्यावर ती जात न विचारता एकत्र आली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्येच सरकारला तो निर्णय रद्द करावा लागला. परीक्षेत स्पर्धा आणि परीक्षा वाचवण्यासाठी सहकार्य, हे दोन्ही एकाच पोराला जमले. मग आपल्याला का जमू नये?

म्हणून आम्ही म्हणतो की स्पर्धा वाईट नाही. पोराने अभ्यासात पुढे जावे, भजनी मंडळाने दुसऱ्या मंडळापेक्षा चांगले गावे, खो-खोच्या संघाने जिंकावे. स्पर्धा वाईट होते ती दोन कारणांनी. एक, तिचे नियम भाग घेणाऱ्यांनी न करता वरच्याने आपल्या सोयीने केलेले असतात. आणि दुसरे, हरणाऱ्याला माणूस म्हणून जगायला जागा उरत नाही, जशी लदेणी बुडाल्यावर बंजाऱ्याला उरली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता या वरवरच्या रंगाइतक्याच टिकतील. बंधुता म्हणजे भाषणातला गोड शब्द नव्हे. हरलेल्या माणसाचाही वाटा राखून ठेवणे म्हणजे बंधुता.

विहाराच्या वर्धापनदिनी नुसते बोलून थांबू नये म्हणून दोन-तीन गोष्टी समितीपुढे ठेवतो. विहारातली अभ्यासिका आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके शेजारच्या तांड्यावरच्या, आदिवासी पाड्यावरच्या, मातंग वस्तीतल्या मुलामुलींनाही खुली करावीत, नाव नोंदवताना जात विचारू नये. दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन आपण विहारात पाळावा आणि तांड्यावरच्या वडीलधाऱ्यांना मानाने बोलवावे, त्यांच्याकडून लदेणीच्या आठवणी ऐकाव्यात. आणि आरक्षणाच्या प्रश्नावर मोबाईलवर शिव्या देण्याआधी मातंग, बंजारा, आदिवासी समाजाच्या कार्यकर्त्यांबरोबर एकदा तरी सतरंजीवर बसावे. दोन त्यांचे, दोन आपले, आणि चौघांनी मिळून निवडलेला पाचवा.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नगाऱ्याच्या आकाराची ती इमारत आहे. आपल्या मुलांची सहल एकदा तिकडे न्यावी. परतताना त्यांना विचारावे की, अरुंद वाटेवर दोन तांडे समोरासमोर आले तर काय करायचे? मुले जे उत्तर देतील ते मोठ्यांनी लक्ष देऊन ऐकावे.

नमो बुद्धाय! जयभीम!